पिनिसी : शिडांचे जहाज आणि ते हाकणारी माणसे

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो नावाचे बंदर आहे. कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या सफरी प्रामुख्याने तिथूनच निघतात, आणि त्यांच्या जाहिरातींत दोन डोलकाठ्यांचे जे लाकडी जहाज दिसते, त्याला पिनिसी म्हणतात. तीन-चार दिवस जहाजावरच राहायचे, पाडार बेटाची टेकडी चढायची, घोरपडीच्या कुळातले ते अजस्र प्राणी पाहायचे, असा साधारण बेत असतो. बेटांचे वर्णन कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. मला आज बोलायचे आहे ते जहाजाविषयी आणि त्यावरच्या खलाशांविषयी. कारण या सफरींनी त्यांचे एक कसब तारले आणि दुसरे जवळजवळ बुडवले, असे माझे मत आहे.

ही जहाजे घडतात इंडोनेशियाच्याच दक्षिण सुलावेसी प्रांतातल्या बुलुकुंबा जिल्ह्यात, कोन्जो भाषा बोलणाऱ्या लोकांच्या गावांत. ताना बेरू हे त्यांतले आजचे सर्वांत गजबजलेले ठिकाण. जवळच आरा आणि बिरा आहेत. सावेरिगाडिंग नावाच्या राजपुत्राचे जहाज फुटले, त्याचा सांगाडा आराच्या किनाऱ्याला लागला आणि शिडे-दोरखंड बिराला, म्हणून आराचे लोक जहाज बांधण्यात आणि बिराचे ते हाकण्यात तरबेज झाले, अशी तिकडची दंतकथा आहे. या कथेच्या आधारावर पिनिसीला सहा-सातशे वर्षांचे वय बहाल करण्याची पद्धत आहे. जहाजबांधणी तिथे खरोखरच जुनी आहे. शिडांची ही मांडणी मात्र युरोपीय स्कूनर, म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांची शिडाची जहाजे, पाहून स्थानिक नावाड्यांनी उचलली, आणि बिराच्या एका नाखव्यासाठी असे पहिले जहाज १९०६ च्या सुमारास बांधले गेले, असे अभ्यासक मानतात. परक्याची शिडे आपल्या जहाजावर चढवून ती आपल्या वाऱ्यावर चालवून दाखवणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यासाठी पुराणकाळाचा दाखला जोडण्याची गरजच नाही.

बांधणीची रीत पाहण्यासारखी आहे. आधुनिक गोदीत आधी सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर फळ्या चढतात. ताना बेरूच्या वाळूत आधी तळाचा कणा मांडतात, त्याच्या दोन्ही अंगांना फळीवर फळी लाकडी खुंट्यांनी जोडत नेतात, फटीत झाडाच्या सालीचा पापुद्रा दाबतात, आणि कवच बरेच वर आल्यावर आतून फासळ्या बसवतात. आपल्या अरबी समुद्रातली जुनी, काथ्याने शिवलेली जहाजेही याच क्रमाने बांधली जात. मुख्य कारागिराला ‘पानरिता लोपी’ म्हणतात आणि परंपरेने तो कागदावर आराखडा काढत नाही. कोणती फळी कुठे आणि किती वळेल, हे त्याच्या डोक्यात असते. कणा मांडताना त्याची दोन्ही टोके विधिपूर्वक कापतात. पुढचा तुकडा समुद्रात टाकतात, मागचा घरी ठेवतात. जाणाऱ्या नावाड्यासाठी एक आणि त्याची वाट पाहणाऱ्या घरासाठी दुसरा.

पिनिसीला शिडे सात : नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तीन त्रिकोणी, दोन डोलकाठ्यांवर दोन मोठी आणि त्यांच्या माथ्यावर दोन लहान. मोठ्या शिडाची वरची तिरकी काठी डोलकाठीवर कायमची बांधलेली असते. ती खाली येत नाही. शीड उघडायचे म्हणजे काठीवरून कड्यांनिशी बाहेर ओढायचे आणि मिटायचे म्हणजे पडद्यासारखे डोलकाठीकडे गोळा करायचे. त्यामुळे मोजक्या माणसांना एवढे कापड आवरते. मालवाहू जहाजावर हे फार सोयीचे होते. पश्चिमेच्या मोसमी वाऱ्यावर पूर्वेकडे जायचे, पुढे पूर्वेचे वारे सुटले की परतायचे, अशा हिशेबाने ही जहाजे बेटाबेटांवर माल पोचवीत. १९७० च्या दशकात त्यांवर इंजिने बसू लागली आणि एकदा इंजिन आल्यावर शिडे आखडत गेली. जाकार्ताच्या सुंडा केलापा बंदरात आजही रंगीत नाळांची लाकडी मालवाहू जहाजे रांगेने उभी असतात. त्यांच्यावर शीड जवळजवळ दिसतच नाही.

मालवाहतुकीतले हे स्थान पोलादी जहाजांनी घेतल्यावर ताना बेरूच्या कारागिरांना हात दिला तो पर्यटनाने. नव्या मागण्या आल्या, मुलांना बापाचा धंदा शिकण्यात अर्थ वाटू लागला. २०१७ साली युनेस्कोने दक्षिण सुलावेसीच्या जहाजबांधणीच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मान मिळाला तो बांधणीला. शिडे हाकण्याची विद्या तिच्या सावलीत राहिली.

पर्यटकांच्या जहाजावर वातानुकूलित खोल्या हव्यात, वर सज्जा हवा, जेवणाचा दालनवजा मंडप हवा. मजले चढले की वजन वर सरकते, आणि अशा जहाजावर पूर्ण शिडे लावली तर ते धोकादायकपणे कलू शकते. मग डोलकाठ्या बुटक्या होतात आणि शिडे छायाचित्रापुरती तासाभरासाठी उघडली जातात. खलाशांना दोष देणे अन्यायाचे होईल. कोमोडोच्या सामुद्रधुन्यांतून प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागरात वाहते, तिथले प्रवाह भयंकर वेगवान आहेत आणि विषुववृत्ताजवळ वारा कधी पडेल याचा नेम नसतो. तिथे इंजिन हवेच. पण पाव्हण्यांना वेळापत्रकाप्रमाणे सूर्यास्ताच्या जागी नेऊन सोडणे हेच मुख्य काम झाले, तर बिराच्या नावाड्याचा मुलगा थंड पेये वाढण्यात निपुण होतो आणि वारा ओळखणे त्याच्या बापाबरोबर संपते. १९८६ मध्ये ‘पिनिसी नुसांतारा’ प्रशांत महासागर ओलांडून व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनाला पोचली होती, हे मुद्दाम सांगतो.

म्हणून सफर ठरवताना खोलीच्या आकाराबरोबर दोन-चार प्रश्न जरूर विचारावेत. जहाजाला शिडे किती आहेत, वारा असेल तेव्हा दिवसातून किती वेळ त्यांवर चालता, कप्तान आणि खलाशी कुठल्या गावचे, जीवरक्षक जाकिटे प्रत्येकाला पुरेशी आहेत का. कोमोडोला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम बरा. पश्चिमेचे वारे सुरू झाले की बरीच जहाजे पापुआकडच्या राजा आम्पातला जातात. वाऱ्यासाठी एक दिवस मोकळा ठेवायची तयारी दाखवणारे प्रवासी वाढले, तर मालकही डोलकाठ्या थोड्या उंच ठेवतील.