पोरगं हिंजवडीत, गिऱ्हाईक अमेरिकेत

(दृश्य : यवतमाळ जिल्हा. कापसाची पहिली वेचणी सुरू. रस्त्याच्या कडेला आपले सरकार सेवा केंद्र, बाहेर चपलांचा ढीग.)

निवेदन :
सेवा केंद्रात सकाळपासून गर्दी आहे. २०२५च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार, पेऱ्याची नोंद, सगळं हवं. केंद्र चालवणारा पोरगा स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणतो, “काकाजी, ओटीपी आला का पाहा बरं.” काकाजी सरळ फोनच त्याच्या हातात देतात. “तूच पाय बाबू. मले नाही समजत त्यातलं.”

काकाजींचा मोठा मुलगा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बडनेऱ्याला शिकला, आता हिंजवडीत असतो. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची दावे निकाली काढणारी यंत्रणा चालू ठेवणं हे त्याच्या टीमचं काम. तिथल्या माणसाचा दावा अडकला की इथे याचा फोन वाजतो. बापाचा ओटीपी अडकला, तर त्याला कळायला मार्ग नाही.

भारत आणि चीन यांच्या आयटी सेवा उद्योगांची तुलना बहुतेक वेळा बंगळुरू आणि शेन्झेनच्या उंच इमारती दाखवून होते. आपण ती इथून करू. कारण या दोघांत मोठा फरक आहे तो काम कोणासाठी चालतं याचा, आणि तो गावात बसून लवकर दिसतो.

(दृश्य : पडद्यावर आकडे.)

निवेदन :
आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम, तिच्या हिशोबानं २०२३-२४ या वर्षात भारताच्या तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर होती. त्यातले जवळपास २०० अब्ज निर्यातीचे. नोकऱ्या ५४ लाखांच्या घरात. म्हणजे पाच रुपयांतले चार रुपये बाहेरून येतात, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेतून.

आता चीन. तिथल्या उद्योग मंत्रालयानं २०२३ साली सॉफ्टवेअर आणि आयटी सेवांची उलाढाल १२.३ लाख कोटी युआन सांगितली. हे साधारण पावणेदोन लाख कोटी, म्हणजे १,७५० अब्ज डॉलर होतात. निर्यात मात्र फक्त ५१ अब्ज डॉलर. शंभरात तीनच.

इथे जरा थांबायला हवं. चीनच्या आकड्यात चिपचं डिझाइन, यंत्रांच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, ऑनलाइन बाजारांची तांत्रिक सेवा असं सगळंच धरलेलं आहे. त्यामुळे आकड्याला आकडा लावून कोण मोठं हे ठरवण्यात अर्थ नाही. प्रमाण मात्र लपत नाही. आपला उद्योग परक्याच्या वावरात रोजानं जाणाऱ्या हुशार मजुरासारखा वाढला. चीननं आधी घरचं वावर धरलं.

(दृश्य : शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज. सुट्टीची वेळ, मुलामुलींचे घोळके.)

निवेदन :
असं का झालं, याचं अर्धं उत्तर विदर्भातच सापडतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगाव, पुसद, बडनेरा इथे कॉलेजं उभी राहिली. पुसदसारख्या तालुक्याच्या गावी इंजिनिअर तयार होऊ लागले. गावात कारखाना नव्हता, फॅक्स मशीनही विरळाच. तरी पोरं पास होत होती. कोणी चार एकर विकून शिकवलं, कोणी सोसायटीचं कर्ज थकवून.

या पोरांना काम देणारा धंदा तेव्हा नुकता आकार घेत होता. टाटांची टीसीएस १९६८ची, पण बरीच वर्षं तिच्या जोडीला फारशा कंपन्या नव्हत्या. १९७८ साली आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीनं भारत सोडला आणि इथल्या लोकांना निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काम शिकावं लागलं. १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू झाली. १९८५ साली अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूत ठाण मांडलं आणि काम थेट उपग्रहावरून पाठवायला सुरुवात केली. बंदर नको, ट्रक नको, कस्टमची रांग नको. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, निर्यातीच्या नफ्यावरचा कर माफ झाला. मग शतक पालटताना जगभरच्या संगणकांत तारखेचा घोळ होणार अशी धास्ती पसरली. लाखो ओळींचा जुना प्रोग्राम तपासायला माणसं हवी होती. ती आपल्याकडे होती, इंग्रजी वाचणारी होती, आणि अमेरिकेत रात्र झाली की इथे दिवस उजाडत होता.

देशात मात्र गिऱ्हाईकच नव्हतं. बाजार समितीत तेव्हा संगणकाला कोण विचारत होतं? मग कंपन्यांनी दूर पाहिलं, यात त्यांचा दोष काढता येणार नाही.

(दृश्य : डालियन शहर, समुद्रकिनारा, सॉफ्टवेअर पार्क.)

निवेदन :
चीनलाही हे जमवायचं होतं. जानेवारी २००२मध्ये पंतप्रधान झू रोंगजी बंगळुरूला इन्फोसिस पाहून गेले. २००५मध्ये वेन जियाबाओ आले. दोघांचा सूर एकच : सॉफ्टवेअर तुमचं, हार्डवेअर आमचं, जोडी जमली तर जग आपलं. जोडी जमली नाही. पण चीन नुसता पाहून गप्प बसला नव्हता. २००६ साली तिथल्या वाणिज्य मंत्रालयानं मोहीम काढली : दहा शहरं, शंभर बहुराष्ट्रीय गिऱ्हाईकं आणि बाहेरची कामं घेणाऱ्या हजार कंपन्या.

त्यातल्या डालियनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकात चाळीस वर्षं हे शहर जपानच्या ताब्यात होतं. जखम जुनी, पण जपानी भाषा जाणणारे लोक आणि जपानशी व्यवहार, दोन्ही मागे राहिलं. १९९८ साली तिथे सॉफ्टवेअर पार्क झाला आणि जपानी कंपन्यांची कामं येऊ लागली. शेनयांगच्या विद्यापीठातून १९९१ साली निघालेली न्यूसॉफ्ट ही कंपनी अशाच जपानी कामांवर मोठी झाली. आपल्याला जी मदत इंग्रजीनं केली, ती डालियनला जपानीनं केली. फक्त जपानचा बाजार अमेरिकेएवढा नव्हता.

शिवाय कंपन्या लहानच राहिल्या. २०१२ साली हायसॉफ्ट आणि व्हान्सइन्फो या दोन मोठ्या कंपन्या एक होऊन पॅक्टेरा झाली. एकत्र करून माणसं वीस हजारांहून थोडी जास्त. तेव्हा एकट्या टीसीएसकडे दोन लाखांच्या वर होती. तोवर हुशार चिनी पोरांना अलिबाबा, टेन्सेंट, हुआवेई या घरच्याच बड्या कंपन्या बोलावत होत्या. घरातच एवढं काम असताना परक्याचा जुना प्रोग्राम कोण दुरुस्त करत बसणार? आज चायनासॉफ्ट, आयसॉफ्टस्टोन या तिथल्या मोठ्या सेवा कंपन्या आहेत, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक हुआवेई, म्हणजे पुन्हा घरचंच.

(दृश्य : वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा. झाडाखाली फळांचे ढीग, व्यापाऱ्याचा माणूस प्रतवारी करतोय.)

निवेदन :
घरच्या गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर लिहिलं की काय होतं, ते चीनच्या खेड्यांत दिसतं. जियांगसू प्रांतात शाजी नावाचं एक गाव आहे. डुकरं पाळणं आणि भंगार प्लास्टिक वेचणं, एवढाच तिथला जोडधंदा. २००६च्या सुमारास गावात परतलेल्या एका तरुणानं ताओबाओ या अलिबाबाच्या ऑनलाइन बाजारात दुकान उघडलं आणि साधं लाकडी फर्निचर विकायला लागला. शेजाऱ्यांनी त्याचं पाहून तेच केलं. अलिबाबाच्या संशोधन संस्थेनं पुढे अशा गावांची मोजदादच सुरू केली : वर्षाला एक कोटी युआनची ऑनलाइन विक्री आणि किमान शंभर चालू दुकानं, किंवा दहा टक्के घरं या धंद्यात. २००९ साली अशी तीन गावं होती. २०२०मध्ये ५,४२५.

आणि पिनडुओडुओ. २०१५ साली सुरू झालेली ही कंपनी आधी फळं विकायची. चार घरांनी मिळून मागणी नोंदवली की भाव उतरतो, माल थेट बागेतून निघतो.

इथे वरुडात बगीचा अजून झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, फिरून पाहतो, बयाणा देतो. पुढे बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं की तोच व्यापारी फोन उचलत नाही. शेतमालाचा सरकारी ऑनलाइन बाजार, इ-नाम, २०१६पासून आहे. पण संत्र्याचा सौदा अजून बांधावरच ठरतो, आणि व्यापारी त्याचे फोटो पुढे व्हॉट्सॲपवर पाठवतो. ज्या फोनवर पाठवतो तो बहुधा चिनी कंपनीचा.

चिनी सॉफ्टवेअर आपल्या गावात आलंच नाही असंही नाही. टिकटॉक आलं होतं. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, इंग्रजी तर नाहीच. धुऱ्यावर नाचणाऱ्या पोरीलाही हजारो बघे मिळत होते. २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ते गेलं. बंदीमागची कारणं सीमेवरची आणि डेटाची होती, ती हलकी नाहीत. पण आपल्या एवढ्या इंजिनिअरांपैकी कोणाला आधी सुचलं नाही की हा माणूससुद्धा गिऱ्हाईक आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

चीनचं कौतुक मात्र बेतानंच करायचं, राजेहो. तिथलं घरचं वावर वाढलं, कारण कुंपण उंच होतं. गूगल, फेसबुक बाहेर ठेवले म्हणून आतल्यांना जागा मिळाली. सरकारची नजर प्रत्येक सर्व्हरवर. आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम ही तिथल्या कंपन्यांची रीत इतकी बोकाळली, की २०१९ साली प्रोग्रामरांनी इंटरनेटवर उघड निषेध मांडला. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा आहे असं सांगावं लागलं.

आपल्याकडचा अपवादही सांगायला हवा. यूपीआय २०१६चं आणि देशातल्या माणसासाठीच बनवलेलं. आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीजवळ क्यूआर कोड दिसतो, तो त्यामुळे. ई-पीक पाहणी २०२१ची. नेटवर्क नसलं की शेतकरी फोन हातात धरून शेतभर फिरतो, ते सोडा. पण आपल्या पेऱ्याची नोंद त्याची तो करतो, ही गोष्ट लहान नाही.

(दृश्य : नागपूर, मिहान. संध्याकाळी सुटलेल्या बसेस.)

निवेदन :
मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग पट्ट्यात, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या. यवतमाळच्या पोराला आता पुण्याऐवजी नागपूरही चालतं, शनिवारी घरी येता येतं. काम तेच, बाहेरच्या गिऱ्हाइकाचं. आणि आता त्याच कामाला कात्री लागते आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेनं एच-१बी, म्हणजे तिथे नोकरीला जायच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. नवख्या पोराला सुरुवातीला जी कामं देत, चाचणी घेणं, छोट्या चुका दुरुस्त करणं, ती यंत्र करू लागलं आहे. पगाराचं पहिलं पाकीट दहा-बारा वर्षांत फारसं फुगलेलं नाही, हे प्रत्येक कॉलेजच्या कॅम्पसवर ठाऊक आहे.

(दृश्य : गावातली सेवा सहकारी सोसायटी. लोखंडी कपाट, लाल कापडात बांधलेली रजिस्टरं, शेजारी नवा संगणक.)

निवेदन :
घरच्या कामाला तोटा नाही. जून २०२२मध्ये केंद्रानं ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची. सॉफ्टवेअर देशभर एकच, देखरेख नाबार्डची. पीककर्ज, व्याज, खताचा साठा, सगळं त्यात यायचं आहे.

इथले गटसचिव अजून दोन्हीकडे लिहितात, रजिस्टरात आणि संगणकात. जुनी खाती चढवणं हे खरं जिकिरीचं. एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं, बाप वारल्यावर वाटणी झाली पण कर्ज मोठ्याच्याच नावावर, गट नंबर बदललेला. ते रजिस्टर पुढे सरकवतात, एका ओळीवर बोट ठेवतात.

“आता हा कोनता नामदेव, हे पुण्यात बसून कोनाले कसं कयणार? याले मानूस इथंच बसवा लागते.”