दहा आकडी नंबर

केनियात एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला एक नंबर मिळतो. तिथे त्याला सीसीसी नंबर म्हणतात. सीसीसी म्हणजे एचआयव्हीचा बाह्यरुग्ण विभाग. आकडे दहा. पहिले पाच हा दवाखान्याचा राष्ट्रीय यादीतला संकेतांक, पुढचे पाच त्या दवाखान्यातला अनुक्रमांक. म्हणजे ज्याच्या नावापुढे असा नंबर आहे त्याला एचआयव्ही आहे आणि तो औषधं कुठून नेतो, या दोन्ही गोष्टी नुसता नंबर सांगून टाकतो. तरीही फाइलीतून नावाचा रकाना उडवायचा, हा नंबर तसाच ठेवायचा आणि वर 'निनावी' असा शेरा मारून ती संशोधकाला पाठवायची, असं घडतं. आज मी याच शेऱ्यापासून सुरुवात करून, रुग्णांची माहिती संशोधनाला देताना काय सांभाळावं याबद्दल बोलणार आहे.

जरा सावध माणसं नंबर हॅश करतात, म्हणजे गणिती सूत्रानं त्याची न ओळखता येणारी अक्षरमाळ बनवतात, आणि निर्धास्त होतात. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण उलटा फिरवायचाय कुणाला? दवाखान्यांची यादी जाहीर आहे, तेव्हा पहिले पाच आकडे हातात आलेच. उरल्या पाच आकड्यांच्या १ लाख शक्यता. त्या सगळ्यांचे हॅश काढून फाइलीशी ताडायला साध्या लॅपटॉपला फार तर दोन-चार सेकंद लागतील. म्हणून हॅश करताना गुप्त किल्ली मिसळावी लागते, आणि ती किल्ली डेटा घेणाऱ्याकडे असता कामा नये. माझ्या मते त्याहून सरळ उपाय असा: रुग्णाला कशाशीच संबंध नसलेला नवा क्रमांक द्या आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा जोडतक्ता दवाखान्यातच, वेगळ्या कुलपात ठेवा.

यानंतर तारखा. लहान दवाखान्यात एका विशिष्ट मंगळवारी कोण आलं होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, त्यामुळे खऱ्या तारखा बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. मात्र प्रत्येक तारीख वेगवेगळी सरकवली की औषध तपासणीच्या आधी सुरू झालेलं दिसतं आणि डेटा कचऱ्यात जातो. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवायच्या, उदाहरणार्थ उणे ४३. दुसऱ्या रुग्णाला दुसरा आकडा. दोन भेटींमधलं अंतर तसंच राहतं, आणि अभ्यासाला लागतं ते अंतरच.

दवाखान्या-दवाखान्यांत नोंदी जोडताना गोंधळ वेगळा. केनियाच्या पश्चिमेला लुओ समाजात रात्री जन्मलेल्या मुलाचं नाव ओतिएनो, मुलीचं अतिएनो. रोमन लिपीत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. जन्मतारीख माहीत नसली की पुष्कळदा १ जानेवारी टाकली जाते, आणि मोबाइल नंबर भाऊ-बहीण दोघांच्या नोंदीत आईचाच. 'एका अक्षराचा फरक चालेल' असा नियम लावलेला प्रोग्रॅम बहीण-भावाला एकच रुग्ण ठरवतो आणि भावाचा रिपोर्ट बहिणीच्या खात्यात जाऊन बसतो. गोपनीयता भंग न होताही उपचार चुकतात, ते असे. लिंग जुळत नसेल तर जोड आपोआप होऊ देऊ नये, १ जानेवारीला पुरावा म्हणून जवळपास शून्य वजन द्यावं, आणि प्रोग्रॅमनं जुळणीला ना फार ना कमी असे मधले गुण दिलेल्या जोड्या माणसानं डोळ्यांखालून घालाव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून आधी त्यालाच कात्री लागते. आठवणीचा एसएमएसही त्याच आईच्या मोबाइलवर जातो, म्हणजे तो रुग्णाशिवाय दुसऱ्याच्याही नजरेस पडतो. मजकुरात आजाराचं किंवा विभागाचं नाव नको. 'तुमची भेट गुरुवारी आहे' एवढं पुरे.

एकत्रित आकडे तरी सुरक्षित, असं म्हणाल तर एखाद्या प्रभागातल्या रुग्णांचा तक्ता पाहा. १० ते १४ वयाच्या मुली: २. त्या दोघी कोण हे शाळेत सहज कळेल. म्हणून ५ पेक्षा कमी आकडा झाकतात. पण खाली एकूण ४३ छापलंय आणि उरलेल्या गटांची बेरीज ४१ येते. वजाबाकी केली की झाकलेला आकडा उघडा. एक घर झाकलं की त्याच ओळीतलं आणि स्तंभातलं आणखी एक तरी झाकावं लागतं, नाहीतर वयोगट मोठे करावे लागतात.

कायदा आहे. केनियाचा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१९ सालचा. आरोग्याची माहिती त्यात संवेदनशील मानली आहे. ती देशाबाहेर नेऊन वापरायची तर रुग्णाची संमती आणि पुरेशा संरक्षणाची खात्री लागते, आणि माहिती फुटून रुग्णाला खरा धोका संभवत असेल तर ७२ तासांत डेटा कमिशनरला कळवावं लागतं. पण कायद्याला रकाने दिसत नाहीत. ते दवाखाना आणि संशोधक यांच्यातल्या करारात लिहावे लागतात. कोणते रकाने, कशासाठी, किती दिवस, ओळख शोधायचा प्रयत्न करणार नाही, फाइल नष्ट केल्याचं लेखी कोण देणार. उपचाराचा फॉर्म आणि संशोधनाच्या संमतीचा फॉर्म वेगळा हवा. एकाच कागदावर दोन्ही असले की औषधाच्या रांगेतली बाई 'नाही' म्हणणार तरी कशी?

करारात एक कलम मी आग्रहानं घालायला सांगतो. नोव्हेंबर २०२१मध्ये बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेनं ओमायक्रॉनचे जनुकीय क्रम तातडीनं जगापुढे ठेवले, आणि काही दिवसांतच त्यांच्याच प्रवाशांसाठी अनेक देशांची दारं बंद झाली. देणाऱ्याच्या पदरी हेच पडणार असेल तर पुढच्या वेळी हात आखडता घेतला जाईल. प्रवासबंदी दवाखान्याच्या करारानं टळणार नाही, मान्य. पण निष्कर्ष छापण्याआधी निदान ३० दिवस दवाखान्याला द्यायचे, आणि रजिस्टर भरणाऱ्या नर्सला तिच्याच दवाखान्याचं एका पानाचं टिपण द्यायचं, एवढं तर करारात बसतं. टिपणात एवढंच: किती रुग्ण औषध न्यायला आले नाहीत, कोणत्या महिन्यात गळती वाढली. ते पान तिच्या हातात पडू लागलं की पुढच्या महिन्यात ती रिकामे रकाने स्वतःहून भरते.