तुमचं पुणं कुठल्या सालचं?

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या तुमच्या या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतल्या ताईंनी मला फोनवर सांगितलं, "काकू, दहा मिनिटं बोला, विषय काहीही चालेल." पुण्याच्या बाईला असं सांगायचं धाडस इतक्या लांबूनच होऊ शकतं.

मी कोथरूडची. माहेर नारायण पेठेतलं, सासर कोथरूडचं. त्यामुळे पेठेतले लोक मला गावाबाहेरची समजतात आणि बाणेर-बालेवाडीवाले गावातली. एका बँकेत 36 वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. लेकीकडे हे माझं पाचवं येणं. आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत. मी घड्याळाकडे बघत नाही असं वाटलं तर ते खोकतील, असं ठरलं आहे.

गणपतीच्या दिवसांत इथे आलं की रोज कुणाकडे तरी जेवण असतं. गेल्या शनिवारी असेच एका घरी होतो. पंगत रंगात आली होती. एक गृहस्थ म्हणाले, "काकू, विद्यापीठाच्या पुलावर अजून तेवढंच ट्रॅफिक असतं का हो? काय भयंकर बांधलाय तो पूल!" मी म्हटलं, "अहो, तो पूल नाहीच आता. 2020 मध्ये लॉकडाऊन होता तेव्हा पाडला." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. बिचारे इतकी वर्षं मन लावून त्या पुलाला शिव्या घालत होते, आणि पूल त्यांना न सांगता निघून गेला होता.

त्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "चांदणी चौकातला जुना पूलसुद्धा पाडला ना?" पाडला. 2022 च्या 1 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून. सगळं पुणं जागं राहून टीव्हीवर बघत होतं. धडाका झाला, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर दिसलं की पूल पुरता पडलेलाच नाही. सळया तशाच उभ्या. मग यंत्रं लावून उरलेला काढला. पुण्याचाच पूल तो, पहिल्या सांगण्यात कसा ऐकेल?

मग तिसरे एकजण, माझ्याच वयाचे, हळूच म्हणाले, "नटराजला हल्ली काय लागलंय?" कुणी काही बोललं नाही. नटराज टॉकीज पाडून तिथे मॉल उभा राहिला त्यालाही कैक वर्षं झाली.

त्या रात्री मला हिशेब कळला. तुमच्यातला प्रत्येकजण पुणं बरोबर घेऊन आला आहे, पण ज्या साली विमानात बसला त्या सालचं. कुणाचं लुनाचं पुणं, कुणाचं बीआरटीच्या बसमार्गांच्या खोदकामाचं, कुणाचं पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा वेगवेगळ्या होत्या तेव्हाचं. आता कुणी मत मांडायला लागलं की मी मनात साल सांगते. बहुतेकदा दोन-तीन वर्षांच्या फरकाने बरोबर येतं.

आमच्या घरी हे नवीन नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यानंतर माझ्या आईने काळ मोजला तो पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर, असाच. पितळेचा पिंप पानशेतच्या आधीचा, धाकट्या काकाचं लग्न नंतरचं. भाजीवाल्याशी भाव करतानासुद्धा ती म्हणायची, "पानशेतच्या आधी असं नव्हतं." तो भाजीवाला पुरानंतर दहा वर्षांनी गावाहून आलेला. ऐकून घ्यायचा.

आणि एक सांगून टाकते. चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, हा विनोद आज या सभागृहात मी तीनदा ऐकला. निवेदकांनी दोनदा केला. बाजीराव रोडचं दुकान दुपारी उघडं असतं. बरीच वर्षं झाली त्याला. दुकान उघडलं, विनोद अजून बंद व्हायचं नाव घेत नाही.

आता खाण्याकडे वळते. मिसळीवर मी थोडक्यात बोलेन, कारण मिसळीवर जो लांब बोलतो त्याने ती गार करून खाल्लेली असते. मी नारायण पेठेत वाढले. आम्हाला मिसळ म्हणजे बेडेकरांची, रस्सा गोडसर आणि बरोबर स्लाइस ब्रेड. परवा एक तरुण मुलगा मला म्हणाला, पाव नाही, पापड नाही, दही नाही, तर ती मिसळ कसली? मी विचारलं, "नाशिकचा का रे?" नाशिकचाच निघाला. दोघांचंही समाधान झालं.

खरा विषय पोळीचा आहे. पोळी की चपाती हा वाद मी घालत नाही. आमच्याकडे तो पोळीच्या बाजूने निकालात निघालेला आहे. मी म्हणते ते विकतच्या पोळीबद्दल. माझ्या सासूबाई कुणाच्या घरी पोळ्या विकतच्या आणतात हे सांगताना आवाज खाली करायच्या. एखाद्याच्या घरी कोर्टाचा बेलिफ येऊन गेला तर ज्या आवाजात सांगतील, तो आवाज. मी नोकरी करत होते, तरी सकाळी साडेपाचला उठून सोळा पोळ्या लाटून मग बँकेत जायची. मनात किती चिडायचे ते आज यांच्यासमोर पहिल्यांदा सांगते आहे. (हे खोकले. पण अजून दहा मिनिटं झालेली नाहीत.)

आज माझ्या घरापासून पाच मिनिटांत तीन पोळीभाजी केंद्रं आहेत. संध्याकाळी सातला रांग असते. पोळ्या नगावर, भाजी वजनावर. उसळ आधी संपते, पालेभाजी उरते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मीही त्या रांगेत आहे. आवाज खाली करायला सासूबाई राहिल्या नाहीत, आणि रांगेत माझ्यापुढे ज्या उभ्या असतात त्याही सासूबाईच आहेत.

एवढं असून इथे आल्याच्या पहिल्या रविवारी मी लेकीचा फ्रीज उघडला. आत डब्यांची चळत, प्रत्येकावर चिठ्ठी: सोम, मंगळ, बुध. माझ्या तोंडून निघालंच, "अगं, चार-चार दिवसांचं शिळं खाता?" ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे ओट्यावर केंद्राची पिशवी दिसत होती. भोपळ्याची भाजी होती बहुतेक." मी बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घातलं. त्या कुंडीला त्या दिवशी तिसऱ्यांदा पाणी मिळालं.

म्हणजे साल चुकण्याचा रोग फक्त तुम्हालाच आहे असं नाही. ताजं अन्न म्हणजे काय याबद्दलचं माझं मत 1985 चं आहे, आणि जेवते मी आजच्या पिशवीतलं.

पण एक मत मी सोडणार नाही. इथली आमटी बिघडते ती मसाल्यामुळे नव्हे, गोडा मसाला तर आम्हीच बॅगा भरून आणतो. ती बिघडते छताला लावलेल्या त्या धुराच्या भोंग्यामुळे. तेल तापलं, मोहरी तडतडली की तो बोंबलायला लागतो. जावई टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहतात, नातू कानांवर हात ठेवतो. त्या धसक्याने लेक तेल पुरतं तापूच देत नाही. मोहरी कच्ची, हिंग कच्चा, मग आमटीत चिंच-गूळ कितीही मोजून घाला, ती वरणासारखीच लागते. फोडणी घाबरत घालायची गोष्ट नाही. खिडकी उघडा, दार उघडा, भोंगा वाजू दे, पण मोहरी पूर्ण तडतडू दे.

आता गाडी चालवण्याबद्दल. माझी लुना होती, 50 सीसीची. त्या काळात बजाजच्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, लुना लगेच मिळायची. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी. त्यामुळे मला वाहनचालकांची मतं मांडायचा अधिकार आहे असं मी समजते.

तुमच्याकडे चार रस्ते मिळतात तिथे चारही बाजूंना थांबायची पाटी असते. चौघेही थांबतात, आणि मग काचेतून एकमेकांना हात करतात, तुम्ही आधी. पुण्यात असं कुणी थांबलं तर मागचा विचारेल, "बंद पडली का?" आणि ढकलायलाही उतरेल. शाळेची बस थांबली की दोन्हीकडची वाहतूक थांबते, हे मात्र मी बघतच राहिले. त्या एका गोष्टीला शंभरापैकी शंभर.

आमच्याकडचं मी झाकून ठेवणार नाही. कर्वे रोडला उलट्या दिशेने येणारा माणूस तुमच्याकडेच रागाने बघतो. फुटपाथवर चालताना मागून हॉर्न येतो. 2019 च्या जानेवारीत हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा आमचे हे विरोधकांत होते. म्हणे हेल्मेटने ऐकू येत नाही. मी म्हटलं, बिनहेल्मेटचं काय ऐकू येतं? शेवटी घेतलं, आणि वर्षभर कोपराला अडकवून फिरवलं. त्या वर्षात यांचं कोपर शहरातलं सगळ्यात सुरक्षित कोपर होतं.

पण एक गोष्ट तुम्हाला आठवते का सांगा. तुम्ही दुचाकीवरून चालला आहात, मागून कुणीतरी हॉर्न देत देत येतो. तुम्ही घाबरता. तो अगदी शेजारी येतो, खाली बोट दाखवतो, "काकू, स्टँड!" आणि निघून जातो. त्याचा चेहराही दिसत नाही. तसंच "पदर!" तसंच "ओढणी!" ज्याने आत्ताच सिग्नल तोडला, तोच तुमचं साइड स्टँड वर करून देण्यासाठी चौकभर मागे येतो. आणि दिवसा दिवा चालू दिसला की समोरचा मूठ उघडून मिटून खूण करतो. 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा चालूच राहतो, बंद करायला बटणच नसतं. तरी आमचे हे आजही समोरच्या प्रत्येक पोराला मूठ उघडून मिटून दाखवतात. पोरांना वाटतं आजोबा टाटा करताहेत. तीही करतात.

इथे परवा पुढच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं होतं. मी लेकीला म्हटलं, "हॉर्न दे." ती म्हणाली, "आई, इथे हॉर्न दिला की लोकांना भांडण वाटतं." तीन मैल त्या उघड्या झाकणामागून गेलो. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

मी आता मंडईला मेट्रोने जाते. आयडियल कॉलनीला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं, मग जमिनीखालून थेट मंडई. 2024 च्या सप्टेंबरपासून ही सोय झाली. तुमच्यातल्या कुणाच्याही पुण्यात हे स्टेशन नसेल, म्हणून मुद्दाम सांगितलं.

राहिलं घर. इथे मला बऱ्याचजणी म्हणाल्या, "काकू, तिकडे बरं, माणसं असतात." कुठल्या सालची माणसं, हे मी विचारलं नाही. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. तीन घरांतली मुलं परदेशात, चौथ्यातला बंगळुरूला. माझ्या दाराच्या मागे एक लाकडी पाटी आहे, तिला पाच हुक. पहिल्यावर आमची किल्ली, दुसऱ्यावर समोरच्या बाईंची, तिसऱ्यावर शेजारच्यांची, चौथ्यावर वरच्या मजल्यावरच्या जोडप्याची. पाचवी कुणाची ते आता आठवत नाही, पण परत मागायला कुणीतरी येईल म्हणून ठेवली आहे. कुणी मुलांकडे गेलं की झाडांना पाणी, सिलिंडर उतरवून घेणं, पत्रपेटी बघणं, हे सगळं त्या हुकांवरून चालतं.

गेल्या पावसाळ्यात वरचे काका रात्री बाथरूममध्ये पडले. काकूंना दार उघडायला जमेना. त्यांनी लावला मुलाला फोन, परदेशात. मुलाने लावला मला. आम्ही किल्ली घेऊन गेलो. चौघंजण, सगळे सत्तरीच्या पुढचे. काकांना चादरीवर घेतलं आणि लिफ्टपर्यंत आणलं. मुलगा व्हिडिओवरून सूचना देत होता, असं धरा, मान सांभाळा. एकाने शेवटी फोन जमिनीवर पालथा ठेवला. काका ठीक आहेत, खुब्याला प्लेट आहे. फोन पालथा का ठेवला, असं तो मुलगा अजून विचारतो.

तेव्हा फोनबद्दलचं माझं मत ऐकून घ्या. रोज रात्री साडेआठला फोन करून "जेवलीस का" विचारू नका. रोज विचारलं की सांगायला काही उरत नाही, आम्ही कालचीच भाजी आज सांगतो. आठवड्यातून दोनदा करा आणि भांडायला करा. माझी लेक तशी करते. मागच्या वेळी पाऊण तास चालला, कुकरच्या शिट्ट्यांवरून.

हे खोकले. आता खरंच वेळ झाली.

यंदा डिसेंबरात तुमच्यातले पाच-सहाजण पुण्याला येणार आहेत असं कळलं. घरी या. आम्ही नसलो तर किल्ली समोरच्या घरात आहे, तिथे बेल वाजवा, माझं नाव सांगा. फक्त दुपारी एक ते चार नको. दुकान उघडलंय, समोरच्या बाई मात्र झोपतात.