पहिली आवृत्ती, खाली सही

(खजूरी बाजार. शटर वर जातंय.)

इंदुरात जुनी पुस्तकं म्हटलं की खजूरी बाजार. पुढे शाळेची, स्पर्धा परीक्षांची. मराठी असलीच तर मागे, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात. रामबागेतले हे काका गठ्ठा सोडवायच्या आधीच कडेने नावं वाचून घेतात. गोळा करतात फक्त आत्मकथनं. पहिल्या आवृत्तीची, लेखकाच्या सहीची. कादंबऱ्या नकोत. ज्याचं आयुष्य, त्याचीच सही हवी, असं त्यांचं म्हणणं.

(काकांचं टेबल. हात.)

मुखपृष्ठाकडे हे हात जातच नाहीत. आधी उघडतं ते आतल्या शीर्षकपानाच्या मागचं, प्रकाशकाच्या पत्त्याचं पान. तिथे 'पहिली आवृत्ती' आणि साल. त्याखाली 'पुनर्मुद्रण' दिसलं, तर पुस्तक वाचायला घरी येतं, पण या कपाटात जात नाही. मग सही. पान खिडकीशी तिरपं धरायचं, पाठीमागून बोट फिरवायचं. बॉलपेनचा दाब बोटाला लागतो, छापलेल्या सहीचा लागत नाही. शाईपेनची असेल तर कडा कागदात जराशी पसरलेली. शेवटी तारीख. प्रकाशनाच्याच वर्षातली निघाली, की चष्मा असा कपाळावर जातो.

(कपाट उघडतं.)

हे 'बलुतं'. ग्रंथाली, १९७८. यात सांगणारा दगडू, ऐकणारा दया. माणूस एकच, दगडू मारुती पवार. सहीला मात्र दयाच पुढे आला. १९९६ साली दया पवार गेले, त्यामुळे आहेत तेवढ्याच सह्या. शेजारी 'उपरा', १९८०, तेही ग्रंथालीचं. खालच्या फळीवर मौजेचं 'आहे मनोहर तरी', १९९०. पानं पिवळी पडलीत, पण शिवण शाबूत.

इथे 'सप्रेम भेट' लिहून कुणाचं तरी नाव आहे. ते आम्ही झाकलंय. काही संग्राहकांना असं नाव खटकतं. काका ते खोडू देत नाहीत. पुस्तक कुठल्या घरातून निघालं, याचा तेवढाच माग उरतो.

(फोटो.)

२००१, इंदूरचं साहित्य संमेलन. खांद्याला पिशवी अडकवलेले हे काकाच. पिशवीत काय होतं, ते सांगायला नको.

नातवंडं मराठी बोलतात, वाचत नाहीत. कपाटाचं पुढे काय, ते ठरलेलं नाही.

(पुन्हा बाजार. रद्दीचा काटा.)

गठ्ठा काट्यावर चढतोय.

"रुको भिया. वो बीचवाली निकालो."