पुसण्याआधी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

ऋतू बदलला की घराघरांत एक दिवस असा उगवतो की सकाळीच शिडी बाहेर निघते, पडदे उतरतात आणि कपाटं भिंतीपासून पुढे ओढली जातात. झाडू कसा मारायचा हे सांगायला मी इथे आलेलो नाही. जळमटं आधी, फरशी शेवटी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी आज एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. ती गोष्ट अशी: पुसण्याआधी बघा.

कपाटामागची भिंत, सिंकखालचा कोपरा, माळ्याचा तळ या जागा वर्षातून एक-दोनदाच नजरेला पडतात. आणि त्या दिवशी आपण करतो काय? दिसला डाग की मार फडकं. डाग जातो, आणि तो कुठून आला याचा मागही त्याच्याबरोबर जातो.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं? भिंतीच्या तळाशी पिठूळ पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ समजू नका. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन सुकतं आणि विटा-सिमेंटमधले क्षार मागे सोडून जातं, तो हा खार. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. ओलं फडकं फिरवलंत तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. काळी बुरशी मात्र नेमकी उलट. ती कोरडी झाडली की तिचे बीजकण खोलीभर उडतात, म्हणून नाकावर मास्क, खिडकी उघडी आणि साबणाच्या पाण्याचं फडकं. पुन्हा सांगतो: खाराला कोरडा ब्रश, बुरशीला ओलं फडकं. भिंतीवर पेन्सिलीच्या जाडीची मातीची नळी वर चढताना दिसली तर ती वाळवीची वाट. ती पुसून वाळवी जात नाही, तुम्हाला फक्त ती दिसेनाशी होते. आणि तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख घाला. पुढच्या साफसफाईला तडा रेघ ओलांडून गेलेला असला तर जाणकाराला बोलवा. नसला तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा आणि मोकळे व्हा.

कपाट परत जागेवर ढकलताना भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. मागे हवा खेळली पाहिजे. भिंतीतच बसवलेल्या, जमिनीपासून छतापर्यंतच्या फर्निचरवर माझा मुळीच जीव नाही. त्याच्या मागे काय चाललंय ते ना तुम्हाला कळत, ना सुताराला. कळतं फक्त झुरळांना. असो.

आता मावशीच्या भिंतीची गोष्ट. ही मी संधी मिळेल तिथे सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी तेवढ्यात आपल्या स्टुलाचे पाय डुगडुगतात का ते बघून यावं.

मावशीच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग होता. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. दर साफसफाईला तो डाग खरवडला जायचा, लांबी भरली जायची, वरून रंगाचा हात फिरायचा. थोडे दिवस भिंत झकास दिसायची. मग रंगाला फुगे, फुग्यांचे पोपडे, आणि पोपड्यांखाली डाग हजर.

काकांचं निदान ठाम होतं: वरचे शेजारी. निदान आधी आणि तपासणी नंतर, या पंथाचे आमचे काका. त्यांनी वर चिठ्ठी धाडली. वरच्यांनी, बिचाऱ्यांनी, आपल्या न्हाणीघराची फरशी उखडली, खाली वॉटरप्रूफिंग करून घेतलं, नवी फरशी बसवली. डाग जागच्या जागी. काका म्हणाले, "काम चोख केलेलं नाही." झालं! तेव्हापासून जिन्यात दोन्ही घरांनी एकमेकांकडे बघणं सोडलं.

शेवटी मावशीने काकांना न विचारता एका म्हाताऱ्या प्लंबरना बोलावलं. ते आले तेच रिकाम्या हाताने. भिंतीला तळवा लावला आणि विचारलं, "ताई, ही ओल पावसात वाढते का?"

मावशीने आठवून बघितलं. "नाही हो. बारा महिने सारखीच."

"मग छत आणि बाहेरची भिंत सुटली," प्लंबर म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल मागून घेतली, डागावर तिचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला आणि सांगितलं, "दोन दिवस याला कुणी हात लावू नका." दोन दिवसांनी बघतात तर फॉइल बाहेरून कोरडी ठणठणीत आणि आतून थेंबच थेंब. खोलीतल्या हवेतली वाफ भिंतीवर बसत असती तर फॉइल बाहेरून ओली झाली असती. म्हणजे ओल भिंतीच्या पोटातली.

मग त्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढली, तारीख घातली आणि गिझरच्या लाइनचा कॉक बंद केला.

काका उसळले. "म्हणजे आठवडाभर आम्ही शेगडीवर पाणी तापवायचं?"

"हो."

आठवड्याने डाग रेघेच्या दोन बोटं आत सरकला होता. कॉक पुन्हा उघडला, तर थोड्याच दिवसांत तो परत रेघेला येऊन टेकला. "वरच्यांचा काही संबंध नाही," प्लंबर मावशीला म्हणाले, पण बघत होते काकांकडे.

मग त्यांनी डागापासून बोटांनी चाचपत वर जायला सुरुवात केली. इंचाइंचाने वर, वर, आणि हात थांबला तो एका मोठ्या फ्रेमपाशी. काका निवृत्त झाले तेव्हाचा, ऑफिसातल्या सगळ्या मंडळींबरोबरचा फोटो.

"हा खिळा कोणी मारला?"

"मी," काका म्हणाले. "चांगला चार इंची. फ्रेम वजनदार आहे, भक्कम खिळा नको?"

"गिझरची लाइन याच्याच मागून जाते. थांबा, आधी कॉक बंद करू, मग..."

"खिळ्याचा काय संबंध?" काकांनी फ्रेम उतरवली, डाव्या हाताने छातीशी धरली, उजव्या हातातल्या पकडीने खिळा धरला आणि ओढला.

भिंतीतून पाण्याची जी पिचकारी निघाली ती थेट फ्रेमवर! काचेच्या कडेने पाणी आत शिरलं आणि काकांसकट सगळं ऑफिस भिजलं. मावशी आधी हसली आणि मग टॉवेल आणायला गेली. हा क्रम ती स्वतःच सांगते.

तो खिळा मी हातात घेऊन बघितला आहे. डोक्याकडचा अर्धा भाग अजून चकाकत होता. टोकाकडचा अर्धा तांबडा, खवल्याखवल्यांचा, गंजून सुतळीएवढा बारीक झालेला. म्हणजे बघा, खिळ्याने प्लास्टिकच्या पाइपला भोक पाडलं आणि स्वतःच ते बुजवून बसला. म्हणून पहिल्या दिवशी कुणाला काही कळलं नाही. तो जसजसा गंजत गेला तसतशी फट वाढली आणि पाणी झिरपू लागलं. वरच्यांची फरशी उखडली गेली तेव्हासुद्धा हे महाशय फोटो तोलून धरत होते.

काका वर गेले का, असं मला सगळे विचारतात. गेले. खिळा खिशात घालून गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोन्ही घरं सांगत नाहीत. फरशीच्या खर्चातला अर्धा वाटा काकांनी उचलला, एवढं मावशीकडून कळलं.

तर श्रोतेहो, भिंतीतले पाइप साधारणपणे नळापासून सरळ उभे किंवा सरळ आडवे जातात. विजेच्या तारासुद्धा स्विचपासून तशाच. म्हणून नळाच्या आणि स्विचच्या बरोबर वर, खाली किंवा त्यांच्या रेषेत खिळा ठोकू नका. अलीकडच्या बाजूचा नळ असो की भिंतीपलीकडचा, नियम तोच. आणि ओलीचं मूळ बंद झाल्याशिवाय, भिंत पुरती सुकल्याशिवाय तिला रंग लावू नका. सुकायला कित्येक आठवडे लागू शकतात. लागू देत. पुसण्याआधी बघा आणि रंगवण्याआधी सुकवा.

साफसफाईच्या रसायनांबद्दल मला बरंच बोलायचं होतं, पण काकांनी वेळ खाल्ला. जे जिवाशी आहे तेवढं सांगतो. ब्लीच आणि आम्लाचा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. एकापाठोपाठ एकही ओतू नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीघराचं दार बहुतेक वेळा लोटलेलंच असतं. हाच वायू 1915 साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला होता. काचा पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, त्याचीही ब्लीचशी गाठ घालू नका. पुन्हा सांगतो: ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही मिसळायचं नाही.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून जो फेस उठतो, तो मोबाइलवर बघायला छान असतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी. दोन्ही कामाचे आहेत, वेगवेगळे वापरा. फक्त संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू नको. दगडाची चकाकी जाते आणि ती फडक्याने परत येत नाही. आणि फुलांच्या वासाची ती फरशी पुसायची औषधं! घर स्वच्छ झालं की त्याला कसलाच वास येत नाही. निदान माझं नाक तरी असंच म्हणतं.

काचेपलीकडून मला हात दाखवला जातोय, तेव्हा दोनच गोष्टी, भराभर. शिडी काढलीच आहे तर विजेच्या डब्यातला, विजेची गळती ओळखणारा खटका, म्हणजे आरसीसीबी, तपासा. त्यावर एक छोटं टेस्ट बटण असतं. ते दाबलं की खटका पडून वीज गेली पाहिजे. नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा. आणि फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर बदलायला झालंय. हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुनं रबर बरोबर न्या, मापं वेगवेगळी असतात.

नमस्कार.