गाव नसलेलं स्टेशन

नमस्कार श्रोतेहो.

स्टेशन म्हटलं की त्यामागे एखादं गाव आलंच. बोरघाटात मात्र खंडाळ्याच्या खाली एक स्टेशन होतं, ज्याला गाव नव्हतं. ते बांधलं होतं गाडी उलटी फिरवायला. नावही तेच, रिव्हर्सिंग स्टेशन.

1863 च्या एप्रिलमध्ये घाटातली लाईन सुरू झाली. त्याआधी खोपोलीपर्यंत रेल्वे, मग पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायची, असा पुण्याचा प्रवास होता.

घाटाचा चढ साडेपाचशे मीटरांहून जास्त, तोही पंचवीसेक किलोमीटरांत. काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. डोंगराच्या सोंडेवर रूळ वळवायला जागाच पुरेना. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मग वळण घेण्याचा नादच सोडला. गाडी सोंडेच्या टोकाशी येऊन थांबायची. इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून मागे जाऊन शेपटाला लागायचं, आणि मघाचा शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने वर निघायची. डब्यात झोप लागलेल्याला जाग आल्यावर आपण परत मुंबईला चाललोय असंच वाटत असणार!

उतरताना खरी परीक्षा ब्रेकची. रूळ संपले की पुढे दरीच. 1869 मध्ये एक गाडी आवरली नाही, ती टोक ओलांडून खाली कोसळली.

या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही, माणसं नेमून काम तडीस नेलं. तिचं नाव निदान राहिलं. 1861 मध्ये घाटात बेचाळीस हजार मजूर राबत होते. पटकीने आणि तापाने त्यातले किती गेले, त्यांची नावं कोण लिहून ठेवणार? लोकांच्या तोंडी नाव आहे ते घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचं. त्याच्या देवळापाशी रस्त्याने जाणारे ड्रायव्हर अजून नाणं टाकतात.

1929 मध्ये नवे बोगदे खोदून लाईन सरळ नेली, विजेची इंजिनं आली, आणि रिव्हर्सिंग बंद झालं. पुढच्याच वर्षी, 1 जून 1930 ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. तिला हा उलटा फेरा कधी घ्यावाच लागला नाही.

चढ मात्र तसाच राहिला. म्हणून कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे अजूनही बँकर, म्हणजे मागून रेटणारी, इंजिनं लावतात, आणि तेवढ्या वेळात आपला वडा खाऊन होतो.