कायरोप्रॅक्टिकचं पहिलं सत्र: मान मोडायची घाई नको, आधी बोटं तयार करा

नमस्कार मंडळी! आजच्या व्हिडिओत डोक्यावरचा एक केस लागणार आहे. माझाच. कशाला ते पुढे कळेल.

गेले दोन महिने तेच तेच मेसेज येतायत. "ताई, कायरोप्रॅक्टिकला ॲडमिशन झालं, पहिलं ट्रायमेस्टर, म्हणजे सत्र, सुरू होतंय, काय तयारी करू?" आणि त्याच्या दहापट मेसेज, "ताई, कुणाची तरी मान मोडून दाखवा ना!" ही सगळी रील्सची कृपा. मानेजवळ माइक धरायचा, कडाड् आवाज काढायचा, पेशंट किंचाळणार आणि खाली बदामांचा पाऊस.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी भरभर सांगते. कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातानं मणके आणि सांधे ढकलून, हलवून उपचार करणं. इथं अमेरिकेत याची पदवी डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, म्हणजे डीसी. किमान ४,२०० तासांचं शिक्षण, बऱ्याच कॉलेजांत दहा ट्रायमेस्टर, राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेचे चार भाग, मग राज्याचा परवाना. ही एमडी, म्हणजे इथली वैद्यकीय डॉक्टरची पदवी, नाही. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, वेगळी कौन्सिल नाही. त्यामुळे "परत येऊन साताऱ्यात दवाखाना टाकतो" असं आजोबांना सांगण्याआधी वकिलाला विचारा. पहिल्या सत्रात ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, हिस्टॉलॉजी वगैरे. पाठांतर आहे, करावं लागतं, त्यात गुपित काही नाही. मणके किती हे इथली पोरं जेवणाच्या वेळांवरून लक्षात ठेवतात: मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कमरेचे ५. सातला नाश्ता, बाराला लंच, पाचला डिनर. पाचला कोण जेवतं? मी पाचला चहा केला. पाठ झालं.

डिसेक्शन हॉलचे कपडे वेगळे ठेवा, घरी आणून बाकीच्या कपड्यांत धुऊ नका. झालं.

आता इतिहासाचा तास. पहिल्याच आठवड्यात कायरोप्रॅक्टिक कसं सुरू झालं ती गोष्ट सांगतील. १८९५, आयोवातलं डेव्हनपोर्ट. चुंबकीय उपचार करणारे डी. डी. पामर. इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डला ऐकायला कमी येत होतं. पामरनी त्याचा पाठीचा मणका ढकलला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी कथा. १८९७ ला पामरनी शाळा काढली, १९०६ ला परवान्याशिवाय डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगातही गेले. कानाची नस थेट मेंदूतून कानात जाते, पाठीच्या वाटेला जातच नाही, हे तुम्हाला त्याच सत्रात ॲनाटॉमीच्या तासाला कळेल. दोन्ही तास बसा. इतिहासाच्या पेपरात वाद घालू नका, मी घातला होता. मार्क गेले.

त्या तासाला मी पायाळूची गोष्ट सांगितली. आमच्या गावात कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घ्यायचे. वर्ग शांत. मग मागून एकानं विचारलं, "त्याला परवाना लागतो का?"

असो. मुद्द्यावर येते. पहिल्या सत्रात सगळ्यात अवघड काय? ॲनाटॉमी नाही. पॅल्पेशन. म्हणजे बोटांनी चाचपून हाड ओळखणं. पुस्तकात मणक्यांना रंग दिलेले असतात, नंबर टाकलेले असतात. माणसाच्या पाठीवर नंबर नसतात.

(मानेमागे हात नेते.)

मान थोडी पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जे टेंगूळ वर येतं ते सी-७, मानेचा सातवा मणका. (सी म्हणजे मानेचे, टी म्हणजे छातीच्या मागचे, एल म्हणजे कमरेचे.) सोपं ना? नाही. बऱ्याच जणांत दोन टेंगळं येतात आणि काहींत टी-१ च जास्त वर आलेला असतो. मग काय करायचं? बोटं दोन्हीवर हलकेच ठेवा आणि समोरच्याला सावकाश मान मागे न्यायला सांगा. सी-६ पुढे सरकून बोटाखालून पळतो. सी-७ बहुधा तिथंच राहतो. आता मान डावी-उजवीकडे वळवायला सांगा. टी-१ ला बरगड्या जोडलेल्या, तो फारसा हलत नाही. हे सगळं बोटाखाली जाणवायला हवं आणि इथंच सगळे चुकतात, कारण सगळे दाबतात.

दाबू नका! माझ्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी समोरच्या मुलाची पाठ इतकी दाबली की दोन्ही अंगठ्यांचे लाल ठसे उठले. तो बिचारा गप्प. मी छातीठोकपणे सांगितलं, "हा एल-४." सर म्हणाले, "एल-३ आहे. आणि त्याला आता बर्फ आणून दे." कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणारी रेघ साधारण एल-४ वरून जाते, हे मला तोंडपाठ होतं. पण दाबल्यावर त्याचे स्नायू आखडले आणि मला हाडाऐवजी आखडलेला स्नायूच लागत होता.

आता तो केस. (केस उपटते. आई गं.) हा एका कागदाखाली ठेवायचा, डोळे मिटायचे, बोटाच्या मांसल भागानं शोधायचा. टोकानं नाही, नखाकडच्या बाजूनं नाही. सापडला की दुसरा कागद वर ठेवायचा, मग तिसरा. हा सराव इथं जुना आहे. जोरात दाबलंत तर केस कागदात रुततो आणि नाहीसाच होतो. हलकं फिरवलंत तर कळतो. नखाकडे बघा: नख पांढरं पडलं म्हणजे दाब जास्त झाला.

अजून पटलं नसेल तर एप्रिलमध्ये आंब्याच्या गाडीवर जा. नवखा गिऱ्हाईक अंगठ्यानं आंबा दाबतो आणि आंबेवाला ओरडतो. माझी आजी दाबायची नाही. आंबा तळहातावर घ्यायची, देठापाशी बोट नुसतं टेकवायची आणि सांगायची, "हा उद्या, हा परवा, हा फुकट जाणार." तिच्या हाताखाली मी एक सत्र काढलं असतं तर माझे निम्मे मार्क वाचले असते.

आजीचं निघालंच आहे तर आवाजाचंही सांगून टाकते. आलाबला घेताना ती दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून उतरवायची आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची. जास्त मोडली तर म्हणायची, "बघ, किती नजर लागली होती पोरीला!" रील्सवाल्यांचा तर्क अगदी हाच आहे. आवाज मोठा म्हणजे गुण मोठा. अहो, सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन फाकला की आतला दाब घटतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडात बोटाचा सांधा ओढताना एमआरआयवर ही पोकळी होताना पाहिली गेली. डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरनी साठेक वर्षं एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत संधिवात नाही, फरक नाही. २००९ ला त्यांना गमतीचं नोबेल, इग नोबेल, मिळालं. पण ती बोटं होती. मान म्हणजे बोट नाही.

हे मी हसत सांगत नाहीये. सी-६ पासून सी-१ पर्यंत मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून मेंदूला रक्त नेणारी धमनी वर जाते. हे तुम्ही पहिल्याच सत्रात शिकाल आणि त्याच आठवड्यात रूममेट म्हणेल, "माझी मान मोड ना." माझ्या बॅचला एकानं होस्टेलवर मित्राची मोडली. मित्राला चक्कर आली, रात्र इमर्जन्सीत गेली. सुदैवानं काही निघालं नाही. मोडणाऱ्याला मात्र कॉलेजनं बोलावून घेतलं. मी काय सांगते? "आज फक्त मोजणार," म्हणते आणि त्याचे मणके मोजते. दहा मिनिटांत तोच कंटाळतो, माझा सराव होतो.

मोजताना एक गोची. पाठीच्या मधल्या भागात मणक्याचं मागचं टोक तिरकं खाली उतरतं. बोटाखाली टी-७ चं टोक असलं, तरी त्या पातळीवर आत टी-८ असतो. म्हणून वरून मोजा, खालून मोजा आणि मध्ये गाठ पडते का बघा. पडत नाही. पहिल्या महिन्यात कुणाचीच पडत नाही. एक मणका जास्त निघतो नाहीतर कमी.

एका दादांनी कमेंट केलीय, "इतकं चाचपण्यापेक्षा एक्स-रे काढा की." दादा, पहिल्या सत्रात तुम्हाला एक्स-रेच्या खोलीची किल्लीसुद्धा कुणी देत नाही.

तर आज घरात ज्याची मान सापडेल त्याचा सी-७ शोधा. हलक्या हातानं. मान मागे, मग वळवून. टी-१ निघाला तरी खाली लिहा. मला पाच कागदांखालचा केस सापडतो, सहाव्याला अजून चुकतो. आणि हो, केस काळाच लागतो असं नाही, आजीचा पांढराही चालतो.